डोंगर तोच, जागा तीच
(शेतकरी मेळाव्यातील मृद व जलसंधारण सत्रात पडद्यावर छायाचित्रे दाखवून दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



जेवणानंतरचे सत्र माझ्या वाट्याला आले आहे. त्यामुळे आकडे बेताचे सांगतो आणि चित्रे जास्त दाखवतो. ही चित्रे आपल्याकडची नाहीत. आफ्रिका खंडात इथिओपिया देश आहे, त्याच्या उत्तरेस टिग्रे नावाचा डोंगराळ प्रांत आहे, तेथील ही चित्रे आहेत. आपल्याला त्यांचे काय करायचे, असे कोणाच्या मनात येईल. पण आता पहिले चित्र पडद्यावर आले तेव्हा मागच्या रांगेतून कोणीतरी म्हणाले, "हा तर आमच्याच शिवारातला डोंगर!" त्यांचे काही चुकले नाही.

टिग्रेतील पुष्कळ डोंगर सपाट माथ्याचे, तुटलेल्या कड्यांचे आणि एकावर एक थर रचल्यासारखे आहेत. अशा डोंगराला तिकडे 'अंबा' म्हणतात. काही भागात वाळूचा खडक आणि चुनखडी आहे, पण पुष्कळ ठिकाणी वरचा थर आपल्या सह्याद्रीसारखाच लाव्हारसापासून बनलेल्या काळ्या पाषाणाचा आहे. आपला पाषाण सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा, त्यांचा सुमारे तीन कोटी वर्षांपूर्वीचा. पाऊस मुख्यतः जून ते सप्टेंबर, बाकीचे महिने बहुतेक कोरडे. मुलूख समुद्रसपाटीपासून दोन-अडीच हजार मीटर उंच असल्याने हवा थंड. पिके म्हणजे जव, गहू आणि टेफ. टेफ हे नाचणीपेक्षाही बारीक दाण्याचे धान्य आहे. त्याचे पीठ आंबवून आपल्या आंबोळीसारखी पण परातीएवढी मोठी भाकरी करतात. नांगर लाकडी, बैल दोन. आपल्या भाषेत 'हबशी' हा शब्द आला तो याच मुलखाच्या 'हबश' या नावावरून, आणि जमिनीच्या महसुलाची घडी बसवणारा मलिक अंबर मूळचा इथिओपियाचाच. तेव्हा अगदीच परके लोक नव्हेत.

आता हा फोटो कोणी काढला ते सांगतो. इथिओपियाचा सम्राट थिओडोर याने इंग्रजांचा वकील आणि काही मिशनरी कैदेत टाकले. त्यांना सोडवण्यासाठी मुंबईच्या लष्कराचा सेनापती रॉबर्ट नेपियर याच्या हाताखाली मोठी फौज पाठवण्यात आली. सुमारे १३ हजार सैनिक, त्यांच्या दुप्पट बाजारबुणगे, हजारो खेचरे, उंट, बैल आणि हिंदुस्थानातून नेलेले ४४ हत्ती. तांबड्या समुद्राच्या काठी झुला येथे ही मंडळी उतरली आणि जानेवारी ते एप्रिल १८६८ या काळात सेनाफे, अदिग्रात, अंतालो, अशांगी तलाव अशा वाटेने दक्षिणेकडे गेली. १३ एप्रिल १८६८ रोजी मगदाला हा डोंगरी किल्ला पडला आणि सम्राटाने स्वतःला गोळी घालून घेतली. लढाईची कथा एवढीच पुरे. आपल्याला काम आहे ते फौजेबरोबर गेलेल्या फोटोवाल्यांशी.

हे फोटोवाले रॉयल इंजिनिअर्सच्या पलटणीतील होते. त्यांचे मुख्य काम वाटेचे नकाशे व रेखाचित्रे यांच्या प्रती काढण्याचे होते. त्यातून वेळ मिळेल तेव्हा मुक्कामाच्या आसपासची दृश्ये त्यांनी टिपली. त्या काळी फोटो काढणे म्हणजे केवढा खटाटोप होता पाहा. काचेच्या पट्टीवर रसायनाचा थर द्यायचा, तो ओला असतानाच फोटो घ्यायचा आणि लगेच काळोख्या तंबूत नेऊन ती काच धुवायची. थर वाळला की काच वाया. म्हणजे काचा, बाटल्या, तंबू आणि पाणी असा सगळा संसार खेचरांच्या पाठीवर. परंतु या पद्धतीचा एक गुण आपल्या फार उपयोगी पडतो. चित्र अतिशय बारकाईने उमटते, आणि हिरवा पाला त्यात काळपट दिसतो. त्यामुळे उतारावर झाड असेल तर ते लपत नाही. झुडूपसुद्धा मोजता येते.

या जुन्या चित्रांत दिसते काय? उघडे उतार. माती धुऊन गेल्यावर वर आलेले दगड. घळी. झाडी दिसते ती कड्यांच्या अवघड जागी, जिथे शेळीही पोचत नाही आणि कुऱ्हाडही, नाहीतर देवळांभोवती. तेथील जुन्या ख्रिस्ती देवळांच्या आवारातील झाडे तोडत नाहीत. आपल्या देवराईचाच हा प्रकार. रानटी ऑलिव्हची आणि जुनिपरची जुनी झाडे अशा आवारांत टिकून राहिली. बाकी डोंगर बोडका.

येथे मला माझी स्वतःची एक चूक कबूल केली पाहिजे. अनेक वर्षे मी गावोगाव जलसंधारणावर बोलत असताना सुरुवात एकाच वाक्याने करीत असे : "आपल्या आजोबांच्या काळी हा डोंगर घनदाट जंगलाने भरलेला होता, माणसे वाढली आणि आपण तो बोडका केला." हे वाक्य ऐकायला बरे वाटते आणि सभेत माना डोलतात. एका गावात मात्र हे वाक्य झाल्यावर एक वयस्कर आजी उठल्या. "भाऊ, मी या गावात लग्न होऊन आले तेव्हाच डोंगर असा होता," म्हणाल्या. मी हसून वेळ मारून नेली. सभा संपल्यावर त्या घरून फ्रेम केलेला फोटो घेऊन आल्या. लग्नाच्या वेळचा, नवरा-नवरी पाटावर बसलेली, मागे मांडवाची कनात, आणि कनातीच्या वर गावामागचा डोंगर. डोंगरावर एक झाड नव्हते. त्या दिवशी माझ्या तोंडचे ते वाक्य गेले. आपल्याकडे कुठेच जंगल नव्हते असे मी म्हणत नाही. पुष्कळ ठिकाणी होते आणि ते डोळ्यांदेखत गेले. पण कोणत्या डोंगरावर होते, केव्हापर्यंत होते, हे पाहिल्याशिवाय बोलू नये एवढे मी शिकलो.

टिग्रेबद्दलही नेमके असेच बोलले जात असे. १९८४-८५ च्या दुष्काळात तेथे लक्षावधी माणसे उपाशी मेली, त्यांची चित्रे जगभर गेली. तेव्हापासून सर्वांनी धरून चालले की हा प्रदेश पूर्वी हिरवागार होता, लोकसंख्या वाढली, झाडे गेली, आता वाळवंट होणार. बेल्जियममधील भूगोलाचे अभ्यासक यान निसेन यांनी टिग्रेत राहून, मेकेले विद्यापीठातील सहकाऱ्यांबरोबर हे तपासायचे ठरवले. त्यांनी १८६८ ची चित्रे मिळवली आणि एकेक जागा शोधून काढून २००८ साली, उन्हाळ्याच्या कोरड्या दिवसांतच, त्याच ठिकाणाहून पुन्हा फोटो घेतले. अशा १३ जोड्या जमल्या. मध्ये १४० वर्षे गेली आणि लोकसंख्या सुमारे दसपट झाली.

जागा कशी शोधतात हे शेतकऱ्याला चटकन समजेल. लांबच्या डोंगराची कड बदलत नाही. जुन्या चित्रात जवळचा खडक लांबच्या कोणत्या सुळक्याखाली येतो ते पाहायचे. आपण डावीकडे सरकलो की जवळचा खडक सुळक्याच्या उजवीकडे सरकतो, उजवीकडे सरकलो की डावीकडे. वर चढलो की खाली दबतो. असे पुढेमागे करीत दोन्ही जुळले की समजावे, त्या दिवशी कॅमेरा इथेच उभा होता. शेताची हद्द काढताना आपण दोन खुणा एका रेषेत धरतो, तसेच हे.

आता ही जोडी पाहा. डावीकडचे जुने, उजवीकडचे नवे. घाईने उत्तर देऊ नका. (सभागृहातून : "उजवीकडे झाडे जास्त आहेत.") बरोबर. दसपट माणसे, आणि तरीही झाडझाडोरा १८६८ पेक्षा जास्त. तेराही जोड्यांचा एकत्र विचार करून अभ्यासकांनी काढलेला निष्कर्ष असाच आहे. त्यातली काही झाडी निलगिरीची आहे. १९५० नंतर ती तिकडच्या खेड्यांत शिरली. घराचे वासे आणि जळण तिच्यातून मिळू लागल्याने जुन्या झाडांवरचा भार कमी झाला. निलगिरीवर आपल्याकडे जे आक्षेप घेतले जातात तेच तिकडेही घेतले जातात, आणि विहिरीच्या किंवा पिकाच्या जवळ ती नको असे माझेही मत आहे. मात्र निम्मी गोष्ट निलगिरीची नाहीच. राखलेल्या उतारांवर तिथलीच मूळची झाडे-झुडपे आपोआप फुटून आलेली आहेत. शिवाय शेतात आडवे दगडी बांध दिसतात, ते जुन्या चित्रांत नाहीत.

म्हणजे १४० वर्षे डोंगर हळूहळू सुधारत गेला, असे समजू नका. दोन फोटोंच्या मधले काहीच दिसत नाही, हा या पद्धतीचा दोष आहे. मधल्या काळासाठी दुसरे पुरावे आहेत. इटलीने १९३६ ते १९४१ या काळात तो देश ताब्यात ठेवला होता, त्या सुमारास विमानातून काढलेली चित्रे पुढे अदिस अबाबाच्या नकाशा कार्यालयात सापडली. १९७५ च्या सुमारास जमीन पाहणीसाठी आलेल्या पथकाने जमिनीवरून काढलेले फोटो आहेत, त्यांचीही तीस वर्षांनी पुन्हा जोडी लावली गेली. हे सारे एकत्र ठेवले की चित्र असे उभे राहते : झाडी कधी थोडी वाढली, कधी घटली, १९८० च्या दशकात दुष्काळ आणि लढाई यांच्या काळात फार वाईट अवस्था झाली आणि त्यानंतरच्या पंचवीस-तीस वर्षांत खरी सुधारणा झाली. ती पावसाने केलेली नाही. माणसांनी केली.

कशी केली ते आपल्याला नवे नाही. डोंगराचे उतार ठरवून बंद केले. चराई बंद, तोड बंद. आपण ज्याला चराईबंदी व कुऱ्हाडबंदी म्हणतो तेच. राखणीला गावचा माणूस. गवत कापून डोक्यावरून न्यायचे, जनावर आत सोडायचे नाही. याशिवाय १९९० च्या दशकापासून प्रत्येक धडधाकट माणसाने वर्षाकाठी ठरावीक दिवस, बराच काळ २० दिवस, विनामजुरी बांधबंदिस्तीचे काम करायचे. आपण त्याला श्रमदान म्हणू. सगळेच आनंदाने येत होते असे मात्र नाही. ते सक्तीचे होते, आणि काही कामांना अन्नधान्याच्या रूपाने मजुरीही मिळे. आपल्याकडे १९७२ च्या दुष्काळात आणि नंतर रोजगार हमीवर ज्यांनी खडी फोडली, त्यांना यातला फरक आणि सारखेपणा दोन्ही कळेल.

दगडी बांधांबद्दल थोडे सविस्तर सांगतो, कारण येथे बसलेल्या पुष्कळांच्या शेतात दगड फुकट पडले आहेत. टिग्रेत समपातळीवर अनघड दगडांचे बांध घातले. शेतातील मोजमापांवरून असे आढळून आले की या बांधांमुळे मातीची धूप सरासरी ६८ टक्क्यांनी कमी झाली. वाहून येणारी माती बांधाच्या वरच्या अंगाला साठते, हळूहळू पट्टा सपाट होतो, आणि काही वर्षांनी बांधाची उंची वाढवावी लागते. हे काम एकदाच करून चालत नाही. मे झेगझेग नावाच्या एका लहान पाणलोटात, दोनशे हेक्टरांच्याही आतले क्षेत्र, बांध, नाल्यातील अडवणूक आणि राखलेले उतार अशी सगळी कामे झाली. आधी पडलेल्या पावसातील ८ टक्के पाणी ओढ्याने वाहून जाई, कामांनंतर ते १.६ टक्क्यांवर आले. बाकीचे कुठे गेले हे खालच्या विहिरीवाल्यांना विचारावे.

तोटेही सांगितले पाहिजेत, नाहीतर तुम्ही घरी जाऊन मला शिव्या द्याल. बांधाखाली जमीन जाते. सुमारे ८ टक्के क्षेत्र बांधांनी व्यापल्याची नोंद आहे, आणि ज्याच्याकडे मुळात एकर-दीड एकर आहे त्याला ते जाणवते. बांधालगत साठलेल्या मातीत पीक चांगले येते आणि वरच्या पट्ट्यात, जिथून माती सरकते, तेथे कमी येते. एकूण उत्पादन थोडे वाढते, पण पहिल्याच वर्षी दुप्पट होईल ही आशा ठेवू नये. आणि उंदीर! दगडांच्या फटीत उंदरांना आयती बिळे मिळतात. टिग्रेतील शेतकऱ्यांची ही तक्रार इतकी होती की तिच्यावर वेगळा अभ्यास झाला आणि ती खरी निघाली. बांध भरताना मोठ्या दगडांतील फटी बारीक दगड-मातीने ठासून भराव्यात आणि काढणीनंतर बिळे शोधून बंदोबस्त करावा. तो शेजाऱ्यांनी मिळून एकाच वेळी केला तरच उपयोग होतो.

येथे समोर बसलेल्या एका ताईंनी मघाशी चिठ्ठी पाठवली आहे : "डोंगर बंद केला तर आम्ही शेळ्या कुठे न्यायच्या?" या प्रश्नाचे उत्तर फोटोत नाही. फोटोत हिरवा उतार दिसतो, त्यावरून हाकलली गेलेली शेळी दिसत नाही. ज्याच्याकडे जमीन आहे त्याला बांधाचा फायदा मिळतो, पाणी त्याच्या विहिरीला येते. ज्याच्याकडे चार शेळ्यांशिवाय काही नाही, त्याचे कुरणच बंद होते. टिग्रेतही हे झाले. काही ठिकाणी त्यावर तोडगा निघाला. राखलेल्या उताराचे तुकडे भूमिहीन तरुणांना मधमाश्यांसाठी, झाडांसाठी वापरायला दिले. अब्रहा वे अत्सबहा नावाच्या गावाने मोकाट चराई बंद करताना गवताची वाटणी, विहिरी आणि मधाचे उत्पन्न यांची सांगड घातली. त्या गावाला २०१२ साली संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचे 'इक्वेटर' पारितोषिक मिळाले. पण सगळ्याच गावांत असे झालेले नाही. ताई, तुमच्या ग्रामसभेत डोंगर बंद करण्याचा ठराव आला तर गवताचा वाटा शेळीवाल्यांना किती आणि कोणत्या महिन्यापासून, हे त्याच ठरावात लिहून घ्या. सगळा डोंगर एकदम बंद करू नये, तुकड्या-तुकड्याने करावा. नंतर बघू म्हटले की ते राहून जाते.

आता शेवटची गोष्ट, जी मला सांगायला बरी वाटत नाही. २०१७ साली या टिग्रे प्रांताला ओसाडीकरण रोखण्याच्या कामाबद्दल जागतिक पातळीवरचा सुवर्ण पुरस्कार मिळाला. नोव्हेंबर २०२० मध्ये तेथे युद्ध सुरू झाले. ते नोव्हेंबर २०२२ मधील करारापर्यंत चालले. वीज तुटली, इंधन थांबले, बाजार बंद पडले. शेतकऱ्यांनी गोळीबाराच्या भीतीत नांगरट केली. चूल तर पेटवायलाच हवी होती, म्हणून तीस वर्षे राखलेल्या काही उतारांवरची झाडे जळणासाठी आणि कोळशासाठी तुटली. दगडी बांध मात्र बऱ्याच ठिकाणी राहिले, कारण दगड जळत नाही. त्या १३ जागांवर पुन्हा उभे राहून कोणी तिसरा फोटो काढील तेव्हा त्यात काय दिसेल, ते आज धरून चालणे म्हणजे माझ्या त्या जुन्या वाक्यासारखेच होईल.

एक मर्यादाही लक्षात ठेवा. तेरा चित्रे म्हणजे फौजेच्या वाटेकडेचा मुलूख, सारा इथिओपिया नव्हे. त्याच देशाच्या दक्षिण आणि नैऋत्य भागात मोठी जंगले खरोखरच तुटली आहेत. ज्या डोंगराचा फोटो, त्याच्यापुरतेच उत्तर.

म्हणून तुमच्या डोंगराचा फोटो तुम्हीच काढा. यासाठी विद्यापीठाची वाट पाहू नका. आता प्रत्येकाच्या खिशात फोन आहे. आधी जुने फोटो शोधा. लग्नाचे, शाळेचे, बैलपोळ्याचे, पुढाऱ्याच्या सत्काराचे. माणसांच्या डोक्यामागे काय दिसते ते पाहा. मग पाच-सहा कायमच्या जागा ठरवा : देवळाचा कट्टा, पुलाचा कठडा, हद्दीचा दगड. वर्षातून दोनदा, मे महिन्याच्या शेवटी आणि दसऱ्याच्या सुमारास, सकाळी सूर्य पाठीशी घेऊन त्याच जागेवरून फोटो घ्या. पावसाळ्यानंतरचा एकच फोटो काढून डोंगर हिरवा झाला म्हणू नका, ऑक्टोबरात खडकही हिरवा दिसतो. फोन बदलला की फोटो जातो, तेव्हा वर्षातून एकदा कागदावर प्रती काढा, मागे पेन्सिलीने तारीख, जागा आणि दिशा लिहा आणि ग्रामपंचायतीच्या किंवा शाळेच्या कपाटात ठेवा. त्या वर्षीचा पाऊस आणि एखाद-दुसऱ्या विहिरीची मे महिन्यातील पाणीपातळीही त्यासोबत लिहिली तर फारच उत्तम.

त्या आजींच्या गावी मी पुढे पुन्हा गेलो. लग्नाचा फोटो घेऊन आम्ही मांडवाची जागा शोधत होतो. डोंगराची कड जुळवत जुळवत गेलो तेव्हा ती जागा आताच्या पाण्याच्या टाकीच्या पायाशी निघाली. खालून घरे आडवी येत होती, म्हणून एका तरुणाने टाकीवर चढून फोटो घेतला. वरच्या निम्म्या उतारावर समपातळी चरांच्या रांगा आणि त्यांच्यामध्ये सीताफळ व कडुनिंब दिसतो. डावीकडचा तुकडा अजून बोडका आहे, तो दोन भावांच्या वादात आहे. आजींनी दोन्ही फोटो शेजारी धरून बराच वेळ पाहिले आणि नव्याची एक प्रत मागून घेतली.